‘आरटीओ चलान’ची एपीके फोनमध्ये बसली : आधी काय करायचं, नंतर काय

मिलिंद_नाशिक

‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान यादी’, ‘वीजबिल अपडेट’. नावं बदलत राहतात, आतला माल साधारण एकच असतो. व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून फाइल येते, शेवटी डॉट एपीके असतं, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते, कारण पाठवणारा ओळखीचा असतो. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो एवढंच.

एपीके म्हणजे ॲप बसवायची फाइल. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो म्हणून येते. चलान सरकारी संकेतस्थळावर दिसतं, त्याचा पत्ता डॉट गव्ह डॉट इन ने संपतो. चलान दाखवायला फोनमध्ये ॲप बसवावं लागत नाही.

ती बसल्यावर काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम पटेल. पहिली फाइल नुसती वाहक असते. उघडली की प्ले स्टोअरसारखा दिसणारा पडदा येतो, ‘अपडेट आवश्यक’ म्हणतो आणि अनोळखी ॲप बसवायची परवानगी मागतो. ती दिली की खरं ॲप मागून उतरतं. म्हणजे काढायची ॲप्स दोन असतात, आणि बरेच जण एकच काढून निर्धास्त होतात. दुसरं ॲप एसएमएस, कॉल आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या घेतं, कधी स्वतःलाच एसएमएसचं मुख्य ॲप करून घेतं आणि आपला आयकॉन लपवतं. मग दंड भरण्याच्या नावाखाली एक रुपया भरायला सांगून कार्ड नंबर, पिन, जन्मतारीख, आधार, पॅन लिहून घेतं. तिथून पुढे तुमचा प्रत्येक ओटीपी चोराकडे जातो.

माझं म्हणणं एवढंच : फोन साफ करणं हे शेवटचं काम आहे. आधी पैसे, मग नंबर, मग फोन. लोक बरोबर उलट करतात. दोन तास ॲप शोधत बसतात आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं.

पहिल्या पाच मिनिटांत हे करा. एअरप्लेन मोड चालू करा आणि वाय-फाय वेगळं तपासा, कारण बऱ्याच फोनवर एअरप्लेन मोडमध्येही वाय-फाय चालू राहतं. नुसता मोबाइल डेटा बंद करून भागत नाही. यातली काही ॲप्स ओटीपी इंटरनेटवरून न पाठवता सरळ एसएमएसने चोराच्या नंबरावर ढकलतात. म्हणून सिम काढा आणि दुसऱ्या, स्वच्छ फोनमध्ये टाका. दोन सिम असतील तर दोन्ही. मग त्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून डेबिट कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

अनघा_के

मिलिंद, दोन बारकावे जोडते.

सिम साध्या कीपॅडच्या फोनमध्ये टाकायचं असेल तर जिओचं सिम जुन्या टूजी फोनमध्ये चालणार नाही. जिओचं जाळंच टूजी-थ्रीजीचं नाही, फोरजीवरूनच कॉल करणारा (व्होल्टी) फोन लागतो. ईसिम असेल तर काढताच येत नाही, तेव्हा तो फोन एअरप्लेन मोडमध्येच ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून बोला.

दुसरं, यूपीआय ‘बंद करा’ एवढं म्हणून थांबू नका. यूपीआयची नोंदणी फोनमधून गुपचूप जाणाऱ्या एका एसएमएसवर उभी असते. चोराच्या ॲपला एसएमएस पाठवायची परवानगी असेल तर तुमच्या सिमवरून तो एसएमएस पाठवून तो त्याच्या फोनवर तुमचं यूपीआय उभं करू शकतो. मग तुम्ही तुमच्या फोनमधलं ॲप काढलंत तरी त्याचं चालूच. म्हणून बँकेला नेमकं विचारा, ‘माझ्या नंबरावर कोणत्या उपकरणांची यूपीआय नोंदणी आहे, सगळ्या काढा.’ आणि मुदत ठेवींवर नजर टाका. नेट बँकिंग हाती लागलं की एफडी मोडून किंवा एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून पैसे नेले जातात. बचत खात्यातली शिल्लक तशीच दिसते म्हणून माणूस गाफील राहतो.

देशपांडे_सु

कॉल फॉरवर्डिंगचं कोणी लिहिलं नाही अजून. काही ॲप्स तुमचे येणारे कॉलही चोराच्या नंबरावर वळवतात. म्हणजे बँकेचा खात्री करून घेणारा फोन त्यालाच जातो, आवाजी ओटीपीही.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे वळवणं फोनमध्ये नसतं, मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेलं असतं. त्यामुळे फोन फॅक्टरी रिसेट केलात (सगळं पुसून नव्यासारखा केलात), नवा घेतलात, सिम दुसरीकडे टाकलंत तरी कॉल वळतच राहतात.

तपासायला *#२१# आणि रद्द करायला ##००२# डायल करा. प्रत्येक सिमवरून वेगळं. कोडने काही उत्तर आलं नाही तर फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग किंवा सप्लिमेंटरी सर्व्हिसेस या नावाखाली चारही ओळी बघा : नेहमी, व्यस्त असताना, उत्तर न दिल्यास, फोन बंद असताना. त्यात कंपनीचा व्हॉइसमेलचा नंबर असू शकतो, तो घातक नाही. अनोळखी दहा आकडी मोबाइल नंबर दिसला तर मात्र तो काढायचा. तरीही नाही जमलं तर सरळ कस्टमर केअर.

रोहिणी_पाटील

एक प्रश्न. ॲप लपलेलं असेल तर ओळखायचं कसं? आयकॉन नाही, नावही कधी ‘सिक्युरिटी अपडेट’, कधी ‘कस्टमर सपोर्ट’.

मिलिंद_नाशिक

नावावरून शोधू नका, परवानगीवरून शोधा. सेटिंग्जमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ असं शोधा आणि एसएमएस उघडा. तिथे मेसेज, फोन, गूगलच्या सेवा, बँकेची आणि यूपीआयची ॲप्स अशी मोजकीच यादी असते. त्यात ओळखता न येणारं जे काही असेल ते बहुधा तेच. मग त्या ॲपच्या माहितीच्या पानावर अगदी तळाशी जा. प्ले स्टोअरवरून आलेलं ॲप असेल तर तसं लिहिलेलं असतं. बाहेरून बसवलेल्याला ती ओळ नसते किंवा पॅकेज इन्स्टॉलरचं नाव असतं.

काढताना सेफ मोड वापरा. त्यात नंतर बसवलेली सगळी ॲप्स झोपलेली असतात, त्यामुळे चोराचं ॲप मध्ये पडू शकत नाही. सॅमसंग, पिक्सेलवर पॉवर मेनूमधलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. बाकी बऱ्याच फोनवर, बंद करून चालू करताना कंपनीचं चिन्ह दिसलं की आवाज कमी करायचं बटण पूर्ण सुरू होईपर्यंत धरून ठेवा. कोपऱ्यात ‘सेफ मोड’ लिहिलेलं दिसेल.

आता क्रम. थेट अनइन्स्टॉल दाबलंत तर बटण करडं दिसेल, दाबलं जाणार नाही. कारण ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतलेला असतो. म्हणून आधी ॲक्सेसिबिलिटीमध्ये त्याचा खटका बंद करा. मग डिव्हाइस ॲडमिन ॲप्समध्ये जाऊन त्याचा हक्क काढा. मग डीफॉल्ट ॲप्समध्ये एसएमएसचं ॲप पूर्ववत ‘मेसेजेस’ करा. नोटिफिकेशन ॲक्सेस, इतर ॲप्सवर दिसण्याची परवानगी आणि व्हीपीएन (फोनचं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारी जोडणी) ही तीन ठिकाणंही बघा. तुम्ही न लावलेलं व्हीपीएन दिसलं तर ते काढा. मग दोन्ही ॲप्स अनइन्स्टॉल. शेवटी फाइल मॅनेजरमध्ये डॉट एपीके शोधून मूळ फाइल उडवा, नाहीतर आठवड्याने घरातलं दुसरं कोणी तीच पुन्हा उघडतं.

त्याआधी पुरावा मात्र ठेवा. ज्या नंबरावरून फाइल आली तो, चॅट, फाइलचं नाव, ॲपच्या माहितीचं पान, बँकेचे मेसेज. हे सगळं दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. तक्रारीत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) आणि वेळ लागतेच.

कुलकर्णी_आय

इतकी खटपट कशाला? सरळ फॅक्टरी रिसेट मारा. अर्ध्या तासात मोकळे.

अनघा_के

रिसेट चांगला, ‘सरळ’ नको. मोठी रक्कम गेली असेल आणि पोलिसांत तक्रार व्हायची असेल तर आधी त्यांना विचारा. फोनमधलं ॲप हाच पुरावा असतो.

माझा ठोकताळा असा. नुसती एसएमएसची परवानगी दिली असेल आणि ॲप सेफ मोडमध्ये नीट निघालं तर रिसेटवाचून चालतं. ॲक्सेसिबिलिटी दिली असेल तर रिसेट कराच. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते वाचणं आणि तुमच्या वतीने बटणं दाबणं, म्हणजे त्या काळात त्याने आणखी काय बसवलं, कुठल्या परवानग्या स्वतःच स्वतःला दिल्या याचा हिशोब लागत नाही.

रिसेटच्या आधी गूगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे ना हे बघा, काही फोन रिसेटनंतर तोच मागतात आणि त्याशिवाय उघडत नाहीत. फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपचा बॅकअप एवढंच न्या. फोनच्या कंपनीच्या ‘सगळं जसंच्या तसं हलवा’ छापाच्या साधनाने ॲप्ससकट बॅकअप घेतलात तर चोराचं ॲपही परत येऊ शकतं. ॲप्स नव्याने प्ले स्टोअरवरूनच घ्या.

रिसेटने काय जात नाही तेही सांगते : कॉल फॉरवर्डिंग, चोराच्या फोनवरचं यूपीआय, त्याच्याकडे चालू असलेलं व्हॉट्सॲप, गूगल खात्यात त्याने केलेलं लॉगिन. ही चारही कामं वेगळी करावी लागतात.

अपवाद एकच. बनावट, स्वस्त फोनमध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, मूळ सॉफ्टवेअरमध्येच भरून येतं. कॅस्परस्कीने २०२५ मध्ये नकली ब्रँडेड फोनमध्ये ट्रायडा नावाचं असं मालवेअर सापडल्याचं सांगितलं होतं. तिथे रिसेटचा उपयोग नाही. असा फोन बँकेच्या कामाला वापरूच नका.

रोहिणी_पाटील

व्हॉट्सॲप दुसऱ्याकडे गेलं तर?

देशपांडे_सु

स्वच्छ फोनवर नंबर टाकून पुन्हा नोंदणी करा. सहा आकडी कोड टाकला की चोराकडचं व्हॉट्सॲप बंद होतं. फोन साफ व्हायच्या आधी हे केलंत तर तोही कोड त्याच्याकडे जाईल, म्हणून आधी सिम हलवायचं. त्याने टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तो बाहेर फेकला जातोच. आत गेल्यावर लिंक्ड डिव्हायसेसमधली सगळी उपकरणं काढा आणि स्वतःचा पिन लावा. तोवर प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्या नंबरावरून सांगा की तुमच्या नावाने आलेली फाइल उडवावी. ही साखळी तिथेच तुटते.

मिलिंद_नाशिक

बरोबर. आणि हे प्रकरण केवढं पसरलंय याची कल्पना यावी म्हणून : फेब्रुवारी २०२५ मध्ये झिम्पेरियम या मोबाइल सुरक्षा कंपनीने भारतीय बँकांच्या ग्राहकांवर रोखलेले सुमारे ९०० नमुने एकाच मोहिमेतले असल्याचं दाखवलं. चोरलेले एसएमएस आणि कार्डांचा सुमारे अडीच जीबी डेटा फायरबेसवर (गूगलची ऑनलाइन साठवणीची सेवा) कुलूपही न लावता पडून होता, सुमारे ५० हजार लोकांचा. म्हणजे तुमची माहिती एकाच चोराकडे गेली असं धरू नका. कार्ड बदला, नुसता पिन नको. जन्मतारीख, आधार, पॅन दिलं असेल तर काही महिने क्रेडिट रिपोर्ट बघत राहा, तुमच्या नावावर कर्ज निघालंय का ते तिथे कळतं.

सातारकर

बँक म्हणते ‘ओटीपी तुमच्याच फोनवर गेला, आमची जबाबदारी नाही’. नियम काय?

अनघा_के

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक यासाठीच निघालं होतं, आणि सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ चं वेगळं. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांत खाती असणारे खूप, त्यांच्यासाठी हे दुसरं. त्यातली तरतूद अशी : चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ४ ते ७ कामकाजी दिवसांत कळवलं तर मर्यादित. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ सोन्यासारखी. फोनवर सांगितलंत तरी तक्रार क्रमांक घ्या आणि लगेच ईमेलही करा. निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारीही त्या परिपत्रकात बँकेवरच टाकलेली आहे, हे तक्रारीत लिहा.

१९३० वर नोंद झाल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार पूर्ण करा. पैसे पुढच्या खात्यात थांबवता येतात ते पहिल्या तासांतच. एकदा एटीएममधून निघाले की अवघड.

तुषार_डोंबिवली

कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब चालू होतं आणि तिथे ती फाइल डाउनलोड झाली. कॉम्प्युटरही गेला का?

देशपांडे_सु

नाही. एपीके विंडोजवर आपोआप चालत नाही. उडवा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

कॉम्प्युटरचा धोका वेगळ्या वाटेने येतो. सध्या सगळ्यात वाईट म्हणजे खोटं ‘मी रोबो नाही’चं पान. खूण करायला सांगतं, आणि मग लिहितं : विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर करा. खूण करताना पानाने एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता, म्हणून अँटिव्हायरसही बऱ्याचदा गप्प राहतो. यातून लुम्मासारखे माहितीचोर उतरतात. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुम्माचं जाळं पाडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत ३,९४,००० विंडोज कॉम्प्युटरांवर तो सापडल्याचं सांगितलं होतं.

हे काही सेकंदांचं काम असतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज घेऊन ते मोकळं होतं, कधी स्वतःला पुसूनही टाकतं. म्हणून ‘स्कॅनमध्ये काही सापडलं नाही’ याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. कुकी गेली म्हणजे चालू लॉगिनच गेलं. पासवर्ड बदललात तरी जुनं लॉगिन काही ठिकाणी जिवंत राहतं. त्यामुळे दुसऱ्या उपकरणावरून आधी जीमेल, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’, मग पासवर्ड, मग जीमेलमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा. तिथे बँकेची पत्रं परस्पर वळवणारा फिल्टर लावलेला असू शकतो.

कॉम्प्युटरसाठी : नेट तोडा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. पंधरा-वीस मिनिटं लागतात, कॉम्प्युटर बंद होऊन विंडोजच्या बाहेरून तपासणी होते. ही कमांड चालवलीच असेल तर मी विंडोज पुन्हा बसवायलाच सांगेन : ‘रिसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, ‘क्लाउड डाउनलोड’ (यासाठी नेट पुन्हा जोडावं लागतं). विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही लक्षात घ्या.

सातारकर

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झाले आहेत. फाइली गेल्या का?

कुलकर्णी_आय

फाइली तिथेच असतात. व्हायरसने त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन शिक्के मारून लपवलेलं असतं, कधी बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवलेलं असतं. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फाइल उघडते, म्हणून कुणाला संशय येत नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट वाचा, तिथे तुमच्या फाइलच्या ऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजमधली कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारी साधनं) दिसेल.

आधी कॉम्प्युटर, मग पेन ड्राइव्ह. उलटं केलंत तर लावल्या लावल्या पुन्हा शॉर्टकट तयार होतील. टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालू असेल तर थांबवा. मग स्टार्टअप फोल्डर, टास्क शेड्युलर आणि रजिस्ट्रीतली रन की. हे सगळं एका ठिकाणी बघायला मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे फुकट साधन उत्तम. त्यात युजरच्या ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधून चालणारी स्क्रिप्ट हीच खूण. मग ऑफलाइन स्कॅन.

आता पेन ड्राइव्ह. कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब कमांड, प्रत्येकाआधी वजा चिन्ह लावून एच, आर, एस ही तीन अक्षरं, मग पेन ड्राइव्हचं अक्षर आणि त्यातल्या सगळ्या फाइली, शेवटी तिरकी रेघ एस आणि तिरकी रेघ डी. माउसने प्रॉपर्टीजमधून ‘हिडन’ काढायला गेलात तर खूण करडी दिसते, कारण ‘सिस्टिम’चा शिक्का तिथून निघत नाही. फाइली दिसल्या की फक्त कागदपत्रं आणि फोटो कॉपी करा, डॉट एलएनके आणि डॉट व्हीबीएस नको, आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

दुकानात जाताना फक्त छापायची पीडीएफ असलेला वेगळा पेन ड्राइव्ह न्या. मुलांच्या प्रमाणपत्रांचा अख्खा फोल्डर घेऊन जाऊ नका.

मिलिंद_नाशिक

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्र या संकेतस्थळावर फुकट साधनं आहेत, पेन ड्राइव्ह रोखण्याचंही. डीटीपीवाल्यांनी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाळावीत. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, बऱ्याचदा त्यातूनच आत येतं. फाइलींना विचित्र शेपूट लागलेलं दिसलं तर फॉरमॅट करायच्या आधी ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर एक फाइल तपासून घ्या. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तिथे मिळतात.

रोहिणी_पाटील

घरच्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये आधीच काय लावून ठेवावं, थोडक्यात सांगाल का?

अनघा_के

सॅमसंग असेल तर सिक्युरिटीमध्ये ऑटो ब्लॉकर चालू. बाहेरची ॲप्स बसतच नाहीत. इतर फोनवर ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ उघडा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, टेलिग्राम या चारही ठिकाणी परवानगी बंद आहे ना बघा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप्स तपासणारी सोय) चालू. एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागणारी बाहेरची ॲप्स अडवण्याचा प्रयोग गूगलने भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. म्हणूनच फोनवरचा भामटा आधी ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ सांगतो. अँड्रॉइड १३ पासून अशा ॲप्सना ॲक्सेसिबिलिटी देताना ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ आडवं येतं. तीन टिंबांतून ते सोडवायला कोणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. अँड्रॉइड १६ असेल तर ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन लावा.

व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग तिन्हीकडे डॉक्युमेंट्सची खूण काढा. टू-स्टेप पिन लावा. आणि यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, पेन्शन आणि ठेवी दुसऱ्या खात्यात, ज्याचं नेट बँकिंग घेतलेलंच नाही.

रोहिणी_पाटील

आयफोनवर?

देशपांडे_सु

एपीके चालत नाही. फक्त सेटिंग्जमध्ये जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट उघडून अनोळखी प्रोफाइल नाही ना ते बघा, आणि कॅलेंडरमध्ये ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे कार्यक्रम येत असतील तर त्या कॅलेंडरची सदस्यता काढा. लिंकवर कार्ड नंबर लिहिला असेल तर मात्र बँकेचं वर लिहिलेलं सगळं तसंच लागू.